डन्जन्स अँड ड्रॅगन्स: तिघांत पार्टी (खेळातली टोळी) कशी बसवायची?

प्रश्न: आम्ही राजारामपुरीतले तिघं मित्र, डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारी) म्हणून माझी ताई. डन्जन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत गोष्टीतलं पात्र वठवायचा खेळ) पहिल्यांदाच खेळणाराय आणि तिघांनाही विझार्डच (जादूगार) पाहिजे! काय करू?

उत्तर: तीन विझार्ड? नाद खुळा! पण भावा, पहिल्या लेव्हलला विझार्डचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) ६ आणि वर कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर (तब्येतीच्या गुणाचा आकडा), बास एवढंच, म्हणजे गॉब्लिनचे (छोट्या राक्षसाचे) दोन बाण नीट बसले की गडी आडवा. त्यापेक्षा फायटर (लढवय्या), क्लेरिक (देवाच्या जोरावर जादू करणारा पुजारी) आणि रोग (rogue, म्हणजे चोरटा गडी) घ्या की. फायटरला चेनमेल (कड्यांचं चिलखत) आणि ढाल दिली की आर्मर क्लास (जेवढा जास्त तेवढा वार लागणं अवघड) १८ होतो, पुढं उभारायचं आणि तलवार हाणायची, ज्याला नियम वाचायचा कंटाळा येतोय त्याला हाच द्या. क्लेरिक म्हणजे नुसता डॉक्टर नव्हे हं, त्याचं हीलिंग वर्ड (जखम भरायचा मंत्र) ६० फुटांवरनं चालतं आणि ते बोनस ॲक्शन (टर्नमधली छोटी जादा कृती) असतंय, त्यामुळं पडलेल्या गड्याला उठवून त्याच टर्नला गदा पण घालता येते. फक्त स्पेलची (मंत्रांची) पानं आधी वाचून या. रोगचं काम फायटरच्या जिवावर, फायटर शत्रूला ५ फुटांत खेटला की रोगच्या वाराला स्नीक अटॅकचा (गाफील गाठून केलेल्या वाराचा) एक डी-६ (सहा बाजूंचा फासा) जादा. कुलपं, सापळे पण त्याच्याकडंच.

ताईला सांग, छापील ॲडव्हेंचर (खेळायच्या तयार गोष्टी) बऱ्याचदा चार-पाच जणांच्या हिशोबानं असतात, चार गॉब्लिन लिहिलेत तिथं दोन-तीनच सोड. आणि जादूची हौस फिटतच नसेल तर रोग हाय एल्फ (खेळातली एक जमात) घ्या, विझार्डची एक कॅन्ट्रिप (कितीदाही वापरता येणारा साधा मंत्र) फुकटात मिळते!