पाहणाराच अडचण होतो तेव्हा

प्रश्न : रोज 20 मिनिटं साक्षीभावाने बसते. विचार येता-जाताना दिसतात, पण डोळ्यांमागे बसून कुणीतरी ते बघतंय असं वाटतं आणि कपाळ जड होतं. हा नवा अहंकारच का?

उत्तर : हो, पण पुष्कळ साधक इथे अडकतात. डोळ्यांमागचा तो 'बघणारा' म्हणजे भुवयांमधला ताण, डोळ्यांची किंचित ओढ आणि त्यांना चिकटलेला 'हा मी' असा विचार. हे सगळं तुम्हाला जाणवतं. म्हणजे ते दृश्य आहे, द्रष्टा नव्हे. अद्वैत वेदान्तातला दृग्दृश्यविवेक, म्हणजे पाहणारा आणि पाहिलं जाणारं यांतला फरक ओळखणं, नेमका हाच.

पहिली 5 मिनिटं जबडा आणि भुवया सैल सोडून नुसता श्वास पाहा. मग कपाळातल्या ताणाकडे वळा. तो घालवू नका, त्याच्या कडा कुठे संपतात ते तपासा. आता 'हे कुणाला जाणवतंय?' असं एकदाच विचारा. रमण महर्षींच्या आत्मविचाराची, म्हणजे 'मी कोण?' या शोधाची, ही रीत. प्रश्न जपासारखा घोकायचा नसतो. 'मी ब्रह्म आहे' असं भारदस्त उत्तर आलं, तरी तोही विचारच! प्रश्नानंतर क्षणभर शब्द थांबतात, तिथे राहा. वाहून गेलात की पुन्हा विचारा.

डोकं दुखलं तर जोर लागतोय असं समजा. डोळे अर्धवट उघडून आजूबाजूचे आवाज ऐका. ऐकताना बघणाऱ्याची जागा आपोआप सैल होते. मात्र सगळं खोटं वाटून भीती वाटू लागली किंवा झोप उडाली, तर साधना थांबवून डॉक्टरांशी बोला.