शाळेच्या वेळेतला धर्मवर्ग: सही करायची का?

प्रश्न : आम्ही अमेरिकेतल्या ओहायो राज्यात राहतो. मुलगी पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी शाळेत, तिसरीत आहे. आठवड्यातून एकदा वर्गातली बरीच मुलं बसने बायबलच्या वर्गाला जातात. आमच्याकडेही संमतीपत्र आलंय. सही केली नाही तर मुलीचं काही बिघडेल का? आणि आपल्या मुलांसाठी आपल्या धर्माचा असा वर्ग काढता येईल का?

उत्तर : काहीही बिघडत नाही. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मूल जाऊच शकत नाही. सही केली नाही, की मुलगी शाळेतच थांबते. नाव नोंदवून घेण्यासाठी शिक्षकांनी तिच्यामागे लागणं मात्र मुळीच चालणार नाही. इलिनॉयमधले शाळेच्या इमारतीत भरणारे धर्मवर्ग सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली घटनाबाह्य ठरवले. १९५२ साली न्यूयॉर्कची पद्धत मान्य झाली, कारण तिथे वर्ग शाळेबाहेर होता, शाळेचा पैसा लागत नव्हता आणि सक्तीचा पुरावा नव्हता.

खरी काळजी मागे राहणाऱ्या मुलांची. निम्मा वर्ग उठून गेला, की उरलेल्यांना नुसतं बसवून ठेवलं जाण्याची भीती असते. मुख्याध्यापकांना दोन ओळींची ईमेल करा: ‘त्या वेळेत माझी मुलगी काय शिकेल, आणि कोणाकडे?’ उत्तर लेखीच घ्या. ओहायोत मुख्य विषयांच्या तासाला मुलांना या वर्गासाठी सोडता येत नाही. वेळापत्रकात त्या वेळी गणित दिसलं, तर तिथेच हरकत घ्या.

वर्ग जरूर काढता येईल. कायदा कुठल्या एका धर्मापुरता नाही, आणि २०२५पासून ओहायोतल्या प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) याबद्दलचं धोरण ठरवणं बंधनकारक आहे. ते आधी मिळवून वाचा. मुलांची ने-आण शाळा करणार नाही. ती तुम्ही किंवा पालकांनी करायची. त्या वेळेतली मुलांची जबाबदारी वर्ग चालवणाऱ्यांची, म्हणजे तुमची. हजेरीही तुम्हीच ठेवायची आणि डिस्ट्रिक्टला द्यायची. बुडालेला अभ्यास मुलानेच भरून काढायचा असतो.

घोडं अडतं ते अंतरापाशी. समजा, तास चाळीस मिनिटांचा आणि मंदिर पंधरा मिनिटांवर, म्हणजे जाऊन-येऊन तीस मिनिटं गेली. मुलं गाडीत चढेपर्यंत उरलेली दहाही संपतात. म्हणून शाळेपासून चालत जाता येईल अशी खोली शोधा, पण शाळेकडून वार आणि वेळ लेखी मिळाल्याशिवाय भाडेकरारावर सही करू नका.