स्क्रू घसरला की तिथेच थांबा

प्रश्न (वरळी): जुन्या मारुती ८०० चा कार्ब्युरेटर साफ करायला घेतला. झाकणाच्या एका स्क्रूची खाच गुळगुळीत झाली. नवा पेचकस आणला, तोही घसरतो.

उत्तर: आधी पेचकस खाली ठेवा. पहिल्यांदा घसरतो तेव्हा खाच थोडीच खराब होते. तिची पार वाट लागते ती नंतरच्या चार-पाच हट्टी प्रयत्नांत. दोष तुमच्या मनगटाचा नाही. गाडीचं मूळ डिझाइन सुझुकीचं, त्यामुळे स्क्रू बहुधा जपानी मापाचे. आपल्याकडे सरसकट मिळतो तो फिलिप्स, म्हणजे नेहमीचा चौफुली टोकाचा पेचकस. दोन्ही दिसतात सारखेच, पण फिलिप्सचं टोक जपानी खाचेत तळापर्यंत बसत नाही आणि जोर लावला की वर चढतं. स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर तो जपानीच समजा. नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या दुकानांत ‘जेआयएस’ (जपानी मानक मापाचा) पेचकस म्हणून मागा. बिघडलेल्या स्क्रूइतकीच काळजी शेजारच्या चांगल्या स्क्रूंची घ्या. त्यांना जुना पेचकस लावूच नका.

आता हा अडलेला. कार्ब्युरेटर गाडीवरून उतरवा, पेट्रोल पूर्ण काढून टाका. स्क्रूभोवती गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर राहू द्या. सकाळी तेल पुसून पेचकसाच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा. तिचे कण धातूत रुततात आणि पकड येते. डोकं वर उचललेलं असेल तर वाइस ग्रिपने, म्हणजे आवळून लॉक होणाऱ्या पकडीने, बाजूने धरून फिरवा. तरीही हलला नाही, तर हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर: प्रत्येक घावाला तो टोक आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडं वळवतो. खाली लाकडी ठोकळा ठेवा, घाव हलके मारा, कारण ओतीव धातू चटकन तडकतो. ज्योत मात्र इथे नकोच.

प्रश्न (मुलुंड): इंजिन कव्हरचा ६ मिमीचा अ‍ॅलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) आतून गोल झाला. मेकॅनिक म्हणतो गरम करू. चालेल का?

उत्तर: चालेल, पण हीट गननं (गरम हवा सोडणाऱ्या यंत्रानं), आणि पेट्रोलची नळी, वायरिंग, रबर दूर असेल तरच. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून भोक बोल्टपेक्षा जास्त मोकळं होतं. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या सांध्यात पांढरी भुकटी धरते. खरी पकड तिचीच असते. गरम करण्याआधी किंचित मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट हातोडीने ठोकून बसवून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. नाहीच निघाला तर बोल्टच्या दांड्याइतक्या जाडीच्या ड्रिलने फक्त डोकं उडवा. ताण सुटतो, कव्हर निघतं आणि उरलेला दांडा वाइस ग्रिपने पुष्कळदा सहज फिरतो.

प्रश्न (कुर्ला): ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट नुसता फिरतो, घट्ट होत नाही. गॅरेजवाल्याने टेफ्लॉन टेप गुंडाळून दिला आहे.

उत्तर: कृपया ही गाडी अशी चालवू नका. आटे गेले आहेत आणि टेप आट्यांचं काम करत नाही. हायवेवर बोल्ट पडला तर तेल गळून मिनिटांत इंजिन जाम होईल. हेलिकॉइल बसवून घ्या: जुनं भोक मोठं करून नवे आटे पाडतात आणि त्यात पोलादी तारेची गुंडाळी बसवतात. चेंबर उतरवून काम झालं तर उत्तम, नाहीतर टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस थापून कीस बाहेर काढायला सांगा. पुढच्या वेळी वॉशर नवा टाका आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच (ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा.

प्रश्न (बोरिवली): इंजिनच्या हेडमधला तुटका बोल्ट काढताना इझी-आउटच (तुटका बोल्ट काढायचं हत्यार) आत तुटला. ड्रिल लागत नाही.

उत्तर: लागणारही नाही, ते कडक पोलाद आहे. साधं ड्रिल त्यावरून घसरून शेजारचं मऊ अ‍ॅल्युमिनियम पोखरेल. हेड उतरवून स्पार्क इरोजन करणाऱ्या वर्कशॉपमध्ये न्या. तिथे विजेच्या ठिणग्यांनी तुकडा झिजवून काढतात, आटे वाचतात.