दुधाच्या दाढेला रूट कॅनाल करावं की दाढ काढून टाकावी?

साडेचार वर्षांच्या मुलीची खालची शेवटची दाढ किडलीय, रात्री रडत उठते, डॉक्टर रूट कॅनाल आणि टोपी सांगतायत, आणि सासरे म्हणतायत, "दुधाचीच आहे, पडणारच, काढून टाका." भूल द्यावी लागेल का, असंही विचारलंय तुम्ही.

रूट कॅनाल करून घ्या. "पडणारच आहे" हे ऐकलं की माझं आजही डोकं तापतं. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण ही दाढ वयाच्या दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते. तोवर पोरीनं जेवायचं कशानं?

माझ्या मोठ्या मुलाची हीच दाढ सातव्या वर्षी ठणकायला लागली. लहान मुलांच्या डेंटिस्टनी एक्स-रे काढून रूट कॅनाल सांगितलं. मी तयार होते. पण एकत्र कुटुंब, पैशांचा निर्णय मोठ्या दिरांचा. "दुधाच्या दाताला कुणी एवढे पैसे घालतं का?" म्हणाले आणि दुसऱ्या एका दवाखान्यात दाढ काढून आणली. जागा राखायला तार बसवतात ना, असं मी तिथे विचारलं, तर "गरज नाही" म्हणून वाटेला लावलं. गरज होती. सहाव्या वर्षी मागे येते ती कायमची दाढ हळूहळू पुढे सरकली आणि बाराव्या वर्षी खालचा नवा दात जागा न मिळाल्यामुळे जिभेच्या बाजूला उगवला. मग तारा, दर महिन्याच्या फेऱ्या, रूट कॅनालच्या कितीतरी पट खर्च. वर दीर म्हणतात, वाकडे दात माहेरकडून आलेत! आमच्या माहेरी एकाचाही दात वाकडा नाही. जागा गेली म्हणून दात वाकडा आला, एवढी सरळ गोष्ट आहे ती.

धाकटीच्या वेळी मी कुणाला विचारलंच नाही. नस साफ करून आत औषध भरलं, वर स्टीलची टोपी. दुधाच्या दातात भरतात ते औषध मुळाबरोबर विरघळतं, त्यामुळे वेळ आली तेव्हा दाढ टोपीसकट आपोआप पडली आणि खालचा दात सरळ आला.

भुलीचं म्हणाल तर धाकटीला हिरडी बधिर करायचं इंजेक्शन पुरलं, पूर्ण भूल लागली नाही. तुमची मुलगी किती वेळ आ करून बसते ते डॉक्टरांना बघू दे, त्यावर ते सांगतील. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत लहान मुलांचा वेगळा विभाग आहे.

आणि हो, प्रत्येक दाढ वाचतेच असं नाही. पू खालच्या कायमच्या दातापर्यंत पोचला असेल किंवा मुळं बरीचशी झिजली असतील तर काढणंच बरोबर. तुमच्या मुलीची मागची कायमची दाढ अजून यायचीय, त्यामुळे काढायची वेळ आलीच तर जागा कशी राखणार हे आधी विचारा, मगच हो म्हणा. गालाला सूज किंवा ताप आला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

एक्स-रे घरी आणा आणि सासऱ्यांपुढे ठेवा. दाढेच्या मुळांच्या बेचक्यात कायमचा दात बसलेला स्पष्ट दिसतो. तरीही नाहीच म्हणाले तर तुम्ही दोघं जाऊन या. मुलगी तुमची आहे.