यूट्यूबवरच्या खोट्या बातमीमुळे शेअरमध्ये पैसे बुडाले तर जबाबदार कोण?

तुम्ही लिहिलंय की काकांनी यूट्यूबवरची बातमी बघून एक शेअर घेतला, बातमी खोटी निघाली, पैसे गेले आणि आता घरात सगळे त्यांनाच बोलतायत, मग चूक नक्की कोणाची. आधी काकांना बोलणं थांबवा प्लीज.

साधना ब्रॉडकास्टची केस वाचा. जुलै २०२२ मध्ये दोन यूट्यूब चॅनलवर व्हिडिओ आले की ही कंपनी अदानी ग्रुप विकत घेतोय, अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीने भक्तिपट काढायला ११०० कोटींचा करार केलाय वगैरे. सगळं धादांत खोटं. पण त्याआधीच काही लोकांनी आपापसात खरेदी-विक्री करून भाव चढवून ठेवला होता, मग व्हिडिओ सोडले, ते लोकांपर्यंत पोचावेत म्हणून जाहिरातींवर कोट्यवधी रुपये घातले, आणि आपल्यासारखे लोक घ्यायला धावले तेव्हा यांनी हातातला माल त्यांच्या गळ्यात मारला. छोटे शेअरहोल्डर २१६७ होते ते ५५,३४३ झाले!! एवढी माणसं मूर्ख असतात का? जाळं पद्धतशीर टाकलेलं होतं.

म्हणून माझ्या मते पहिली जबाबदारी त्याची, ज्याच्याकडे शेअर आधीपासून होता आणि बातमी आल्यावर ज्याने विकला. सेबी म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा, तिच्या २००३ च्या नियमांतही जाणूनबुजून खोटी बातमी पेरणं म्हणजे फसवणूकच. या केसमध्ये सेबीच्या मे २०२५ च्या ऑर्डरमध्ये ५८.०१ कोटी १२ टक्के व्याजासकट परत करायला सांगितलेत, पण बघा ना, व्हिडिओ २०२२ चे आणि निकाल २०२५ चा. आणि जाहिरातीचे पैसे घेणारा प्लॅटफॉर्म 'आम्ही फक्त दाखवतो' म्हणून हात झटकतो हे मला अजिबात पटत नाही, पैसे घेतलेत तर काय दाखवताय ते तपासा.

अफवेवर २४ तासांत खुलासा करायचा नियम आहे, पण तो डिसेंबर २०२४ पासून शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या २५० कंपन्यांनाच, तोही मोठ्या मीडियातल्या बातमीपुरता. अशा चिल्लर शेअरला तो लागूच नाही, आणि हे खेळ होतात नेमके तिथेच.

फॉरवर्ड करणारेही सुटत नाहीत हां. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते, लोक रडत होते, आणि त्याच आठवड्यात मेसेज फिरला की रिझर्व्ह बँक ९ बँका कायमच्या बंद करतेय. यादीत आपली बँक ऑफ महाराष्ट्र होती, आणि देना बँकही होती, जी एप्रिलमध्येच बँक ऑफ बडोदात विलीन झाली होती! नसलेली बँक बंद कशी करणार, एवढंही कोणी बघितलं नाही, शेवटी रिझर्व्ह बँकेला हे खोटं आहे म्हणून ट्विट करावं लागलं. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला असा मेसेज आला की त्याची झोप उडते, म्हणून पाठवणारा काकासारखा भोळा असला तरी त्याच्यावर थोडी जबाबदारी येतेच.

आता तुम्ही करायचं एवढंच, त्या व्हिडिओची लिंक, चॅनलचं नाव, अपलोडची तारीख यांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण चॅनल रातोरात गायब होतात. मग काकांच्या काँट्रॅक्ट नोटसकट (ब्रोकर देतो ती व्यवहाराची पावती) सगळं सेबीकडे पाठवा. आणि ज्या ग्रुपवर ती बातमी फिरली तिथेच ती खोटी होती हेही टाका, अजून कोणीतरी तो शेअर घ्यायच्या बेतात असेल.