फुकटचा कोर्स, विकतचे क्रेडिट

न्यू जर्सीच्या सॉमरसेट कौंटीतून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या मूळच्या सांगलीच्या, वय 41. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बी.एस्सी.ची दोन वर्षे पूर्ण झाल्यावर लग्न झाले, अमेरिकेत आल्या आणि पदवी राहून गेली. कुटुंबाकडे ग्रीन कार्ड आहे. यजमान एका गोदामात नोकरी करतात आणि त्या स्वतः शाळेच्या भोजनगृहात अर्धवेळ काम करतात. 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने रॅरिटन नदी फुगली, शेजारच्या मॅनव्हिल गावात घरे पाण्याखाली गेली, तेव्हापासून त्या आपल्या गावच्या आपत्ती प्रतिसाद पथकात स्वयंसेवक आहेत. फेमा या संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे चौदा मोफत ऑनलाइन कोर्स त्यांनी पूर्ण केले आहेत. आता एका खाजगी ऑनलाइन कॉलेजच्या सल्लागाराने त्यांना सांगितले आहे की, या प्रमाणपत्रांचे दुसऱ्या कॉलेजकडून 21 क्रेडिटमध्ये, म्हणजे पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या एककांमध्ये, रूपांतर करून घ्या, ती आम्ही स्वीकारू आणि उरलेली पदवी आमच्याकडे प्रति क्रेडिट 400 डॉलर दराने पूर्ण करा. त्यासाठी यजमानांच्या 401(के) या निवृत्तीच्या बचत खात्यातून 8,000 डॉलर काढावेत का, असा त्यांचा प्रश्न आहे. गेल्या वर्षी कुटुंबाचे एजीआय, म्हणजे टॅक्स रिटर्नवरचे समायोजित एकूण उत्पन्न, 61,000 डॉलर होते.

ताई, तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देतो: 401(के) ला हात लावू नका, आणि त्या 21 क्रेडिटसाठी आज एक डॉलरही भरू नका. पदवीचा विचार मात्र सोडू नका, कारण तुमच्या पत्रात तुम्ही जेमतेम एका ओळीत उल्लेख केलेली एक गोष्ट त्या चौदा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त मोलाची आहे. तिच्याकडे मी पुढे येतो.

फेमाचे हे स्वयं-अध्ययन कोर्स उत्तम आहेत आणि तुम्ही ते मनापासून केले आहेत, हे पत्रावरून कळते. कोर्स वाचायचा, शेवटची परीक्षा 75 टक्क्यांनी उत्तीर्ण व्हायचे, की प्रमाणपत्र मिळते. कुठेही शुल्क नाही. परंतु त्या प्रमाणपत्रावर जे सीईयू नावाचे एकक छापलेले असते, ते कॉलेजचे क्रेडिट नव्हे. दहा तासांच्या प्रशिक्षणाला एक सीईयू, असा त्याचा हिशेब असतो. कॉलेजचे एक क्रेडिट म्हणजे सुमारे पंधरा आठवडे, आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास, म्हणजे जवळजवळ 45 तासांचे काम. हे अंतर भरून काढण्यासाठी मधे एखादे मान्यताप्राप्त कॉलेज लागते, जे त्या प्रमाणपत्रांची तपासणी करून, शुल्क घेऊन, स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत शैक्षणिक नोंदपत्रावर, क्रेडिट लिहून देते. मेरीलँडमधील फ्रेडरिक कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांच्या पदव्या देणारे सार्वजनिक कॉलेज, हे काम अनेक वर्षे करत आले आहे. फेमाची एमिट्सबर्गची प्रशिक्षण संस्थाही त्याच कौंटीत आहे. त्यात लबाडी काही नाही. मात्र कोर्स फुकट असला तरी क्रेडिट विकतचे आहे, आणि विकत घेतलेले क्रेडिट पुढचे कॉलेज कुठे बसवणार, हे विकणाऱ्या कॉलेजच्या हातात नसते.

‘स्वीकारू’ या शब्दापाशी थोडे थांबा, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक पैसे याच शब्दावर वाया जातात. कॉलेजने क्रेडिट स्वीकारले, याचा अर्थ ते तुमच्या पदवीच्या अटींपैकी एखादी अट पूर्ण करते, असा होत नाही. प्रत्येक पदवीचा एक तक्ता असतो. इंग्रजी लेखनाच्या दोन रकान्यांपासून गणित, प्रयोगशाळेसह विज्ञान, समाजशास्त्रे, इतिहास, मुख्य विषय आणि शेवटी थोडेसे मुक्त पर्याय, असे त्याचे रकाने असतात. आपत्ती व्यवस्थापनाची ही क्रेडिट बहुधा त्या शेवटच्या मुक्त रकान्यातच जातात. न्यू जर्सीच्या कम्युनिटी कॉलेजातील एए या दोन वर्षांच्या पदवीचेच उदाहरण घ्या: एकूण 60 क्रेडिट, त्यांतील 45 सामान्य शिक्षणाची. उरली 15, आणि त्यांतही मुख्य विषयाच्या अटी असतात. तुमची 21 क्रेडिट तिथे मावणारच नाहीत. चार वर्षांच्या 120 क्रेडिटच्या पदवीत मुक्त जागा अधिक असते, हे खरे. पण तिथे वरच्या पातळीच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या क्रेडिटची अट असते, आणि कम्युनिटी कॉलेजने दिलेली क्रेडिट पहिल्या दोन वर्षांच्याच पातळीची असतात.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते, पेनसिल्व्हेनियातील अग्निशमन दलातले. त्यांनी अशी 30 क्रेडिट एकदम विकत घेतली होती आणि नंतर निवडलेल्या कॉलेजने त्यांतील सर्वच्या सर्व ‘स्वीकारली’. तक्त्यात मात्र सहाच बसली. बाकीची ट्रान्सक्रिप्टच्या तळाशी नुसती लिहिलेली राहिली. त्यांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला, त्या 24 क्रेडिटच्या ओळीखाली बोट धरले आणि काही बोललेच नाहीत. ते मला अजून विसरता आलेले नाही, म्हणून हे इतके सविस्तर लिहितो आहे.

आता तुमचे आकडे मांडू. हिशेबापुरते रूपांतराचे शुल्क प्रति क्रेडिट 100 डॉलर धरा. प्रत्यक्ष दर तुम्ही विचारून घ्याच. 21 क्रेडिटचे 2,100 डॉलर झाले. त्यांतील नऊच बसली, तर उपयोगी पडलेल्या प्रत्येक क्रेडिटची खरी किंमत 233 डॉलर पडते. खाजगी कॉलेजच्या 400 च्या दराशी तुलना केली तर तरीही फायदा दिसतो, आणि सल्लागाराने तुम्हाला हीच तुलना दाखवली असणार. पण 21 च्या 21 बसली असे मानले तरी उरलेल्या 99 क्रेडिटचे 39,600 डॉलर होतात. तुमच्या घरच्या उत्पन्नाला हा आकडाच मुळात झेपणारा नाही, आणि तुम्ही ज्या राज्यात राहता तिथे तो भरण्याची गरजही नाही.

न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेज ऑपर्च्युनिटी ग्रँट नावाची योजना आहे. कुटुंबाचे एजीआय 65,000 डॉलरपर्यंत असेल, आधीची कोणतीही पदवी नसेल आणि सत्राला किमान सहा क्रेडिट घेतली, तर राज्यातील कम्युनिटी कॉलेजचे शिक्षणशुल्क आणि मान्य फी इतर अनुदाने वजा जाता राज्य भरते. त्यासाठी फाफ्सा हा संघीय मदतीचा अर्ज भरावा लागतो, आणि ग्रीन कार्डधारक त्यासाठी पात्र असतात. तुमचे उत्पन्न 61,000 आहे, पदवी अपूर्ण आहे. कागदावर तरी तुम्ही या योजनेत बसता. जिथे शिक्षणशुल्कच शून्य होते, तिथे शंभर डॉलरला घेतलेले क्रेडिट ही बचत राहत नाही, तो सरळ खर्च होतो.

याच ठिकाणी 401(के) चा धोका तुमच्या लक्षात यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. यजमानांचे वय साडेएकोणसाठच्या आत असेल, तर काढलेल्या 8,000 डॉलरवर दहा टक्के दंड, म्हणजे 800, आणि तुमच्या उत्पन्नाच्या पातळीवर बारा टक्क्यांनी संघीय कर, म्हणजे आणखी 960. राज्याचा कर वेगळा. उच्च शिक्षणाच्या खर्चासाठी दंडमाफी आहे ती आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्याला. 401(के) ला ती लागू नाही. अनेकजण इथे गल्लत करतात. हातात जेमतेम 6,200 डॉलर येतील. आणि त्याहून मोठे नुकसान पुढे आहे. काढलेली ही रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवली जाते, त्यामुळे तुमचे एजीआय 69,000 होईल आणि 65,000 ची रेषा ओलांडली जाईल. तिच्या वर पूर्ण माफी जाते, मर्यादित मदत उरते. फाफ्सासाठी दोन वर्षांपूर्वीचे रिटर्न पाहतात, म्हणजे आज काढलेले पैसे तुमच्या अर्जात उगवतील ते दोन वर्षांनी, अभ्यास ऐन मध्यावर आलेला असताना. निवृत्तीचे पैसे मोडून मोफत शिक्षणाची पात्रता गमवावी, असा हा व्यवहार आहे.

आता ती एका ओळीतली गोष्ट. बी.एस्सी.ची दोन वर्षे तुम्ही पूर्ण केली आहेत, उत्तीर्ण झाला आहात आणि गुणपत्रिका तुमच्याजवळ आहेत, असे तुम्ही लिहिता. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, प्रात्यक्षिके: अमेरिकन पदवीच्या तक्त्यातील जे रकाने भरायला प्रौढ विद्यार्थ्यांना सर्वांत जड जातात, नेमके तेच विषय तुम्ही विशीतच पार केले आहेत. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या मूल्यमापन संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घेतले की, कॉलेज त्या विषयांना क्रेडिट देऊ शकते. किती देईल, ते त्या कॉलेजचा निर्णय ठरवेल. पण ही क्रेडिट गणित-विज्ञानाच्या, म्हणजे सक्तीच्या रकान्यांत जाण्याची शक्यता आहे, आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या क्रेडिटची ती नाही. एवढी वर्षे तुम्ही या दोन वर्षांना ‘अर्धवट राहिलेले शिक्षण’ म्हणत आला आहात. माझ्या दृष्टीने ती तुमची सर्वांत मोठी शैक्षणिक ठेव आहे.

पदवी निवडताना एक बारीक फरक जपा. 2007 च्या कायद्यानुसार न्यू जर्सीच्या कम्युनिटी कॉलेजातून मिळवलेली एए किंवा विज्ञानाची एएस पदवी राज्यातील सार्वजनिक चार वर्षांच्या कॉलेजांत पूर्णपणे धरली जाते. एएएस या नोकरीकेंद्री पदवीला तो करार लागू नाही. नावात एकाच अक्षराचा फरक आहे, पण चुकीची निवडली तर पुढे वर्षभराची क्रेडिट हातची जाऊ शकतात. इंग्रजी किंवा समाजशास्त्राच्या काही रकान्यांसाठी क्लेप, म्हणजे वर्गात न बसता क्रेडिट मिळवून देणाऱ्या परीक्षा, देता येतील. मॉडर्न स्टेट्स ही संस्था त्यांची मोफत तयारी करून घेते आणि परीक्षाशुल्काचे व्हाउचरही देते. मात्र तुमचे कॉलेज कोणत्या क्लेपला किती क्रेडिट देते, ते आधी त्याच्याच यादीत पाहा.

मग ती चौदा प्रमाणपत्रे वाया गेली का? मुळीच नाही, त्यांचे खरे काम नोकरीच्या अर्जात आहे. न्यू जर्सीत प्रत्येक नगरपालिकेला आपत्ती व्यवस्थापन समन्वयक नेमावा लागतो, त्याची मुदत तीन वर्षांची असते, आणि गावपातळीवरच्या या कामात पदवीपेक्षा फेमाचे आयएस-100, 200, 700, 800 यांसारखे कोर्स आणि प्रत्यक्ष पथकातला अनुभव आधी विचारला जातो. तुमच्या यादीत फेमाच्या व्यावसायिक विकास मालिकेच्या सात कोर्सपैकी पाच आहेत. उरलेले दोन पूर्ण करा, फुकट आहेत. पुढे कधी सीईएम या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी अर्ज केलात, तर आपत्ती व्यवस्थापनाच्या 100 तासांच्या प्रशिक्षणाची जी अट आहे तिच्यात हे तास मोजता येतात. आपल्या टाउनशिपच्या समन्वयकांना भेटून सहायक पदाची शक्यता विचारा. मानधन थोडे असेल किंवा नसेलही, तरी पदवीच्या आधी तुमच्या अर्जावर तो अनुभव लिहिला जाईल.

रूपांतराला माझा कायमचा विरोध नाही. कॉलेजने तुमचे मूल्यमापन पाहून तक्ता लेखी हातात दिला, त्यात मुक्त पर्यायांची, समजा, सहा क्रेडिट मोकळी दिसली, विशिष्ट फेमा कोर्सच्या क्रमांकांसह ‘ही क्रेडिट या रकान्यात धरू’ असे रजिस्ट्रार कार्यालयाने ईमेलवर कळवले, आणि त्या सत्रात ग्रँट लागू नसेल, तर तेवढीच सहा जरूर विकत घ्या, आणि तीही पगारातून. प्रवेश विभागाच्या सल्लागाराचे तोंडी आश्वासन इथे पुरत नाही. ट्रान्सक्रिप्टवर सही त्यांची नसते.

तुमच्या पत्राच्या शेवटी सांगलीच्या 2005 च्या पुराचा उल्लेख आहे: आयर्विन पुलाची पातळी दर तासाला ऐकत घरातले सामान माळ्यावर चढवलेला तो आठवडा. हे काम तुम्हाला का करायचे आहे, ते मला त्या चार ओळींत समजले, आणि म्हणूनच त्याची सुरुवात कर्जाने किंवा निवृत्तीच्या पैशाने होऊ नये, असे मला वाटते. कामाचा क्रम असा ठेवा: या महिन्यात फाफ्सा भरा. सांगलीला भाऊ आहेत, असे तुम्ही लिहिता; त्यांना तुमच्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिकांच्या प्रती पाठवा आणि कोल्हापूरला विद्यापीठात जाऊन ट्रान्सक्रिप्टचा अर्ज करायला सांगा. मूल्यमापन संस्थेला कागद विद्यापीठाकडून थेट जावे लागतात, तुम्ही इथून पाठवलेले चालत नाहीत, आणि इतक्या जुन्या नोंदी शोधायला वेळ लागतो. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर विवाह नोंदणीचा दाखलाही त्या अर्जासोबत जोडायला विसरू नका.