जिनिंगमधलं ‘जिन’, ‘गो’चं ‘वेंट’ आणि एसटीची ‘बस’

प्रश्न : जिनिंगमध्ये मुनीम आहे. यातलं ‘जिन’ म्हणजे दारूचंच का? (धरणगाव)

उत्तर : नाही हो! दारूची जिन डच ‘जेनेव्हर’वरून आली. कापसाची जिन म्हणजे ‘एंजिन’चा उरलेला शेवट. मूळ लॅटिन ‘इंजेनियम’, म्हणजे उपजत बुद्धी. जुन्या फ्रेंचमध्ये त्याची ‘युक्ती’ झाली, मग युक्तीने केलेलं यंत्र. इंग्रजीत पुढचं ‘एं’ गळलं आणि फासे-सापळ्यांनाही लोक जिन म्हणू लागले. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचं पेटंट एली व्हिटनीने १७९४ मध्ये घेतलं, ते ‘कॉटन जिन’. (कॉटन हा अरबी ‘कुत्न’.) नामाचं क्रियापद झालं, त्याला ‘इंग’ लागून क्रियेचं नाव झालं. आपण त्याही पुढे गेलो. ‘कापूस जिनिंगला टाकला’ म्हणताना जिनिंग ही क्रिया राहत नाही, पत्र्याची शेड आणि वजनकाटा असलेली जागा होते. ही करामत खास आपली.

प्रश्न : आठवीतला मुलगा ‘गो’चा भूतकाळ ‘गोएड’ लिहितो. ‘वेंट’ का, हे कसं समजावू? (अमळनेर)

उत्तर : पोराचं तर्कशास्त्र पक्कं आहे, मार्क मात्र मिळणार नाहीत. ‘वेंट’ मुळात ‘गो’चं नव्हेच. ‘वेंड’ (वळणे, वाट धरणे) या क्रियापदाचा तो भूतकाळ. ‘सेंड-सेंट’ तसं ‘वेंड-वेंट’. ‘गो’चा जुना भूतकाळ काही वेगळाच होता. तो मागे पडला आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘वेंट’ने ती जागा बळकावली. बिचाऱ्या ‘वेंड’ला मग ‘वेंडेड’ असं नवं रूप करून घ्यावं लागलं.

मुलाला उलट विचारा, आपण ‘जातो’ म्हणतो, मग ‘जाला’ का म्हणत नाही? ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूकडून आलं, ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’कडून. घरात अहिराणी असेल तर आणखी सोपं : ‘जास’ आणि ‘गया’. मला वाटतं, व्याकरणाच्या पुस्तकांनी ‘अपवाद’ म्हणून पाठ करायला लावण्याआधी हे सांगायला हवं.

प्रश्न : ‘बस’चा मूळ अर्थ काय? (भुसावळ)

उत्तर : काहीच नाही. ‘ऑम्निबस’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’. त्यातला ‘बस’ हा चतुर्थीच्या अनेकवचनाच्या प्रत्ययाचा तुकडा. ‘सर्वांना’मधलं नुसतं ‘ना’ उचलून गाडीला नाव द्यावं, तसा प्रकार. लंडनमध्ये ही गाडी १८२९ मध्ये सुरू झाली.

प्रश्न : आम्ही केळीवाले. ‘बनाना’ आपल्याकडून गेला का? (रावेर)

उत्तर : फळ आशियातलं, शब्द पश्चिम आफ्रिकेतला. तो पोर्तुगीज-स्पॅनिशांमार्फत इंग्रजीत पोचला. भरताच्या वांग्यावर मात्र हक्क सांगा. भारतातून वांग्याचं नाव फारसीत, तिथून अरबीत ‘बादिंजान’ झालं. पोर्तुगीजांनी त्यातून ‘ब्रिंजल’ आपल्याकडेच परत आणला, तर फ्रेंच वाटेने त्याचाच ‘ओबर्जिन’ झाला. लंडनच्या भाजीवाल्याकडे हा दुसरा शब्द वापरा.